मुकुंदकाकांचं एक मिनिट

मुकुंदकाका गेले, हे मला कुणी फोन करून कळवलं नाही. मेलकावेरी भागातल्या घरात मी त्यांच्या उशाशीच होते... इस्पितळातून त्यांना घरी आणायचा निर्णय माझा. महिना उलटला, तरी तो मनावरून उतरत नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कुंभकोणमच्या आमच्या मराठी घरांत कुणी वकील, कुणी बँकेत. काका तेवढे बॉक्सिंग शिकवत, मलाही. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात बाकीचे प्रशिक्षक घसा फोडून सूचना देत. काका पाणी पाजत आणि घरच्या मराठीत हळूच बोलत. तमिळ बोलणाऱ्या समोरच्या मंडळींना वाटे, हे काहीतरी गुपित डावपेच सांगताहेत. डावपेच कसले डोंबलाचे! ते फक्त विचारत, "तूं काय पाहिलीस?"

तिरुविडैमरुदूरच्या एका सामन्यात मी सपाटून मार खात होते. रडकुंडीला येऊन म्हणाले, "काका, काय करूं तें सांगा!"

"रिंगणांत तूं आहेस गे. मी कोठें आहें? काय पाहिलीस, सांग."

मी संतापून म्हणाले, "मारून परततांना तिचा उजवा हात खालीं येतो."

"सरि. मग जा."

पुढच्या फेरीत माझा ठोसा बसला. सामना हरलेच, पण परतीच्या बसमध्ये काका जिंकल्यासारखे खुशीत होते.

इस्पितळात डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं. काकी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काकांच्या कानाशी वाकले, "काका, काय करूं?" त्यांना बोलवत नव्हतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले... मला त्यांचा राग आला, मग रडू आलं. मग मी नीट पाहिलं. ते तोंडावरचा मास्क पुन्हा पुन्हा काढत होते आणि दाराकडे हात करत होते. डॉक्टर म्हणाले, भ्रमातही माणसं असं करतात. मी त्यांना घरी नेलं.

सामन्याबद्दलचं आपलं मत काका लगेच सांगत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कॉफी वरखाली ओतता ओतता सांगत, "बरोबर केलीस" किंवा "चुकलीस गे." त्या खिडकीपाशी मी अजून रोज कॉफी घेऊन उभी राहते. कॉफी निवून जाते, आणि माझं बरोबर होतं की चुकलं, हे कुणीच सांगत नाही.