भुरा-लाल-लाल

बशीरभाई दुकानात दस्तरखान अंथरायचे. जेवायला नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरचा किट आला की. काठाला हिरवी वेल असलेलं, धुऊन धुऊन विरलेलं ते कापड त्यांनी भाभींकडून मागून आणलं होतं. त्यावर किटमधलं सगळं सामान ओळीनं मांडायचं. रेझिस्टन्स एका रांगेत, कंडेन्सर दुसऱ्या, ट्रान्झिस्टर तिसऱ्या, आणि मधोमध ट्रान्सफॉर्मर, भाजीच्या पातेल्यासारखा. बाजूला मुंबईहून आलेलं कॅटलॉग उघडं. त्यातल्या चित्राशी एकेक वस्तू जुळल्याशिवाय ते सोल्डरिंगच्या आयर्नला हात लावत नसत.

मी पहिल्यांदा त्यांच्या दारव्ह्याच्या दुकानात गेलो तेव्हा दारातच थांबलो. म्हटलं, "जेवून घ्या, मग येतो."

"ये ना बाबा, ये. पाहुणे सारे बसले, एक कमी हाय. छोटा कंडेन्सर दिसूनच नाही राह्यला."

तो माझ्या चपलेखाली होता. त्यांनी तो उचलला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसला आणि रांगेत ठेवला. मला काही बोलले नाहीत. मीही काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा. चूक झाली हे मला लगेच कळतं, पण तोंडातून निघत नाही.

माझं शिक्षण चौथी, आणि ती चौथीही अर्धीच. दारव्ह्याजवळच्या तांड्यात आमची शेती. दोन लेकरांचा बाप झाल्यावर मी रेडिओचं काम शिकायला निघालो म्हणून सारा तांडा हसत होता. हसले म्हणून तर मी जास्तच गेलो. होळीला आमच्याकडे लेंगीची गाणी म्हणतात. डफ वाजतो, बायामाणसं गोल धरून नाचतात, पण म्हणणाऱ्या बाईचा आवाज डफापुढं दहा पावलं जात नाही. दरवर्षी भाड्याचं लाउडस्पीकरचं मशीन यायचं आणि सारखं शिट्ट्या मारायचं. मला माझ्या हातचं मशीन करायचं होतं.

बशीरभाई मला नाईक म्हणत. तांड्याचा मुखिया म्हणजे नाईक. मी नाईक नव्हतो, सात पिढ्यांत आमच्या घरी कोणी झाला नव्हता. पण मी ताठ बसायचो म्हणून ते चिडवत. "या नाईकसाहेब, आज काय जाळता?" त्यांची बोली अशीच, अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. मशीनमधून घुंऽऽ असा आवाज निघाला की म्हणायचे, "कुंथून राह्यली बिचारी. कुठं दुखवलं तू तिले, ते शोध." आणि मी आवाजाचं बटन पुरं फिरवलं की हात धरायचे. "मोठा आवाज तं कोणीबी करते नाईक. साफ करून दाखव."

वर्षातून एकदा पोस्टमन कॅटलॉग आणायचा. बशीरभाई त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं ते पाहत बसायचो. पातळ पिवळट कागद, शाईचा वास. चांदीच्या कडीची बटनं, सागवानी रंगाच्या पेट्या, परातीएवढे स्पीकर. प्रत्येक चित्राखाली नंबर आणि खाली बारीक इंग्रजी. "हे चाळीस वॉटचं पाह्य," ते बोट न टेकवता दाखवायचे. आम्ही त्यातलं शंभरात एकही मागवत नव्हतो. पण पान उलटताना वाटायचं, हे सारं आपल्याला बनवता येईल. आता नात मला मोबाईलवर सामान दाखवते. एकाहून एक देखणं असतं, पण सगळं बनलेलंच असतं. आपल्यासाठी त्यात काही काम ठेवलेलं नसतं.

गावात बशीरभाईंचा मान होता तो त्या कॅटलॉगमुळे. बशीरभाई इंग्रजी किताब वाचून मशीन बनवतात, असं लोक सांगायचे. एकदा मुंबईहून चिठ्ठी आली, इंग्रजीत टाइप केलेली. त्यांनी ती पाहिली आणि घडी करून खिशात टाकली. "चश्मा घरी राह्यला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी नाकाकडे पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं. मग शटर अर्धं ओढून म्हणाले, "तिसरीतून उठलो मी, नाईक. उर्दू वाचतो. इंग्रजीचे मले फक्त अंक येतात. चित्र आन् अंक, बस. कोणाले सांगू नोको."

"नाही सांगत," मी म्हणालो.

हे मी इथे लिहितो आहे ते त्यांच्या मुलीला, शबानाला, विचारून. ती म्हणाली, "लिहा काका. अब्बा आता कोणाले लाजणार नाहीत."

माझा किट आला तेव्हा होळी तोंडावर होती. मांडून पाहिलं तर एका रेझिस्टन्सचा पाय तुटलेला. रेझिस्टन्सवर रंगाच्या पट्ट्या असतात, त्या रंगांवरून त्याची ताकद कळते. तपकिरीला बशीरभाई रोज कत्थई म्हणत. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. मान वर न करता ते गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हिंदीत म्हणाले, "डब्बे में से भूरा-लाल-लाल ले ले."

हिंदीत भुरा म्हणजे तपकिरी. पण आमच्याकडे भुरी शेळी म्हणतात ती राखेच्या रंगाची. मी डब्यातून राखी-लाल-लाल उचलला. तो जवळजवळ सातपट ताकदीचा असतो. मनात आलं होतं विचारावं. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गर्दीत कोण विचारणार की भुरा म्हणजे कोणता?

घरी कमी आवाजावर मशीन छान चाललं. धुळवडीच्या सकाळी तांड्यात मांडलं. बशीरभाईंना मी बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले, बाजेवर बसले, गुळाचा चहा घेतला. लेंगी सुरू झाली, आवाज पार नाल्यापलीकडं गेला. म्हाताऱ्या माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. मी आवाजाचं बटन पुरं फिरवलं. तासाभरात पेटीतून धूर निघाला.

बशीरभाई धावले. झाकण काढलं, पाहिलं, आणि सगळ्यांसमोर ओरडले, "अबे, राखी लावला तू! आंधळा हाय का?"

"तुम्हीच भुरा म्हनलं."

"भुरा म्हणजे ब्राऊन, येड्या!"

"भुरा म्हणजे राखेवानी. आमच्या शेळीले विचारा."

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "चौथी नापास इंजिनिअर!" ते हसणं माझ्यावर होतं, बशीरभाई स्वतः हसले नव्हते. पण माझ्या डोळ्यांसमोर तेच होते. मी म्हणालो, "मी तं चौथी. अन् तुम्ही? तुम्हाले कुठं येते इंग्रजी? तिसरीतून उठलेला मानूस. कॅटलॉगचे फोटो पाहून मशीन जोडता अन् लोकाईले येडं बनवता!"

डफ थांबला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. बशीरभाईंनी झाकण परत बसवलं. चारही स्क्रू घट्ट केले, एकेक करून. मग हात पुसले आणि पायीच सडकेकडे गेले. चहा अर्धा राहिला होता.

मी तपकिरी रेझिस्टन्स आणि नवे ट्रान्झिस्टर आणून मशीन नीट केलं. सामानासाठी दारव्हा सोडून दिग्रसला जायला लागलो. पुढं कितीतरी होळ्यांना ते वाजलं. लोक विचारायचे, कुठं शिकले? मी सांगायचो, "कुठं नाही. आपल्या आपण." मनात म्हणायचो, त्यांनी एकदा बोलवावं, मी जाईन. ते मोठे होते ना. आता वाटतं, तेही तिकडं बसून हेच म्हणत असतील. यात आमची दोघांची उमर गेली. बनलेले सेट आले, किट बंद झाले, मुंबईचं कॅटलॉग येईनासं झालं. त्यांच्या दुकानात जावई मोबाईलच्या काचा बसवतो.

दोन वर्षांपूर्वी बाजारात शबानानं मला ओळखलं. "अब्बा आजारी हायेत. एकदा विचारत होते, नाईक कुठं असते म्हणून."

हेच ते बोलावणं. तरी मी सोयाबीन निघेपर्यंत थांबलो. कशाला थांबलो, ते मला विचारू नका.

गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. हाताची चामडी ढिली पडलेली. मला पाहून डोळे चमकले. "या नाईकसाहेब." मी खाटेच्या कडेला बसलो आणि इतकी वर्षं घोकलेलं हळूच बोललो, "बशीरभाई, माझं चुकलं. तसं बोलायले नोको होतं मी."

ते मान हलवत होते. मग म्हणाले, "औंदा सोयाबीन कसं हाय?"

शबाना म्हणाली, "काका, त्यांचे कान गेले. कानापाशी जाऊन जोरानं बोला."

ज्या माणसाला घुंऽऽ एवढासा आवाज सहन व्हायचा नाही त्याचे कान गेले होते. पुढच्या खोलीत जावई होता, शेजारची चार माणसं बसली होती. मी बशीरभाईंच्या कानाला तोंड लावलं, आणि मोठ्यानं ओरडलो, "बरं हाय सोयाबीन!"

"हां," ते म्हणाले. "बरं झालं."

पुन्हा येऊन सांगू, अशी मनाची समजूत घालून मी उठलो. बारा दिवसांनी ते गेले.

मिट्टीला, म्हणजे दफनाला, मी गेलो. सगळं आटोपल्यावर माणसं कब्रस्तानच्या फाटकाशी घोळक्यानं उभी राहिली. एक जण म्हणाला, "पूरी अंग्रेजी किताब पढते थे बशीरभाई." तेव्हा एक म्हातारे टेलर म्हणाले, "वो तो लोग बोलते. मैंने सुना था, पढना नहीं आता था उनको. कोई तांडे से बात निकली थी." मग माझ्या फेट्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही तांड्याकडचेच ना बुवा? तुम्ही काही ऐकलं होतं?"

म्हणजे ते बोलणं दारव्ह्यात पोचलं होतं, आणि बशीरभाई इतकी वर्षं त्यातच दुकान उघडत होते.

"ऐकलं नाही," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना जाईल असं. "बोलणारा मीच होतो. अन् खोटं बोललो होतो मी. सारी किताब वाचत होते ते, इंग्रजी. माझ्यासमोर वाचत होते. मी जळलो, म्हणून बोललो."

टेलरनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, आणि तोंड फिरवलं. बाकीचेही एकेक करून सरकले. मी फाटकाशी एकटा राहिलो, आणि मग स्टँडकडे चालायला लागलो.