ज्येष्ठमध कधी थांबवायचा

"तो गोळ्या घेतच नसणार. तिसरी सुरू करा आणि मोकळ्या व्हा," सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या आदिलाबादच्या दवाखान्याचे प्रमुख, मी तिथली फिजिशियन. समोर गंगारामभाऊंचा कागद होता. दोन गोळ्या चालू असूनही प्रेशर एकशे नव्वद.

गंगारामभाऊ भाजीबाजारात हर्रास पुकारतात, म्हणजे लिलावाच्या बोली ओरडून सांगतात. पहाटेपासून दहापर्यंत गळा चालू. अलीकडे पाय लटपटायला लागले होते आणि मुलगा त्यांना कायमचं घरी बसवायला निघाला होता.

सरांचं मला पटलं नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं रुमालात बांधून दाखवायला आणणारा हा माणूस. मी हट्टाला पेटले.

रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. तो उतरला की पाय गळतात, आणखी उतरला की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून औषध लगेच सुरू केलं. पण तो उतरतोय कशाने? किडनीची सोनोग्राफी चांगली होती. दुसरं काही औषध घेता का, तर नाही. तंबाखूला तर जन्मात शिवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते कामावर काय खातात-पितात ते बघायला, मी सरळ बाजारातच गेले. भाऊ वांग्यांच्या ढिगाजवळ उभे होते. दोन बोलींच्या मधे त्यांनी गालातली काडी दुसऱ्या गालात सरकवली.

"तोंडात काय आहे, भाऊ?"

"ज्येष्ठमध, मॅडम. तुमीच तं सांगतलं होतं. गळा बसला तवा म्हनलं, ॲन्टिबायोटिक नको, हे चघळत राहा. तवापासून चघळूनच राह्यलो."

"मग मी औषध विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत?"

"हे काय औषध हाये काय? काडी तं हाये."

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. मला भर बाजारात घाम फुटला.

ज्येष्ठमध गळ्याला गुण देतो हे थोतांड नाही. त्याने खवखव आणि सूज कमी होते, त्याला शास्त्राचा आधार आहे. पण त्याला गोडी आणणारा जो पदार्थ आहे, तो रोज पोटात गेला की शरीर मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. चार दिवसांचा इलाज दोन वर्षं चालला, दुसरं काय होणार?

काडी तिथेच मागून घेतली. त्यांनी ती नाखुशीनेच दिली. गळ्यासाठी कोमट मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या, चमचाभर मध, आणि ओरडण्याऐवजी हातातला माईक. गुळण्यांचं पाणी थुंकायचं, हे मात्र तीनदा सांगितलं. या माणसाचा आता भरवसा नव्हता.

महिन्याभरात एकाच गोळीवर प्रेशर एकशे तीसला आलं. पाय घट्ट झाले, मुलाने घरी बसवायचा विषय सोडला.

सरांना मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"म्हणजे तो गोळ्या घेत होता," सर म्हणाले.

"माझं सगळंच ऐकत होते, सर. तीच पंचाईत झाली."

हल्ली मी साध्या काढ्याच्या चिठ्ठीवरसुद्धा बंद करायची तारीख घालते. न ऐकणारा पेशंट आपणहून थांबतो. ऐकणाऱ्याला थांब म्हणून सांगावं लागतं.