टिटवीची आरोळी

कॉलेजचं मैदान आखायला हेमसिंग राठोड कधी टेप वापरत नसत. एक खुंटी, एक सुतळी आणि चुन्याच्या फक्कीची पाटी, एवढ्यावर त्यांनी एकतीस वर्षं कबड्डीचं, खो-खोचं, धावण्याचं मैदान आखलं. बाहेरगावचे संघ धावपट्टीकडे बघून हसायचे, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी ती दोन-तीन ठिकाणी वाकडी जायची.

"काहून हो भाऊ, घेऊन आखली का?" असं कुणी विचारलं की हेमसिंग नुसतं बोट दाखवायचे. वाकणापाशी फक्कीचं लहानसं रिंगण असायचं, आणि रिंगणात, खड्यांत खडे वाटावेत अशी टिटवीची चार अंडी.

मानोऱ्याबाहेरच्या या मुरमाड टेकडीवर कॉलेज उभं राहत होतं, तेव्हा हेमसिंग पायथ्याच्या तांड्यातून दगड वेचायला आले. आईवडील दरसाल ऊसतोडीला जात. त्या वर्षी पोरगा मागे राहिला तो राहिलाच. कॉलेज काढणारे मास्तर दगड वेचणाऱ्यांना म्हणत, "टिटवीदेखील समुद्र आटवते. आपल्याला तर नुसती टेकडी सपाट करायची आहे." त्यातूनच टिटवी बोधचिन्ह झाली, कमानीवर बसली, गणवेशाच्या खिशावर बसली, ओळखपत्रावर बसली.

पण आरोळी हेमसिंगची होती. कारंज्याला जिल्ह्याचे कबड्डी सामने होते. शेवटची चढाई, जगदेव इंगोले एकटा आणि समोर पाच जण. जगदेवला पकडलं तेव्हा त्याचं बोट रेषेपासून वीतभर लांब होतं. रेषेबाहेर बसलेल्या हेमसिंगना राहवलं नाही. अंड्यांजवळ कुत्रं आलं की टिटवी जशी जीव तोडून ओरडते, तसे ते ओरडले, "टिट्टिट्टिटिव!" जगदेवचं बोट रेषेला लागलं. त्या दिवसापासून कॉलेजच्या प्रत्येक सामन्यात ती आरोळी घुमू लागली. पोरं जिंकली की हेमसिंगना खांद्यावर घ्यायची आणि म्हणायची, "भाऊ, एकडाव होऊन जाऊ द्या!"

यंदा कॉलेजचं विद्यापीठ झालं. प्राचार्या संगीता गावंडे कुलगुरू झाल्या आणि नवं बोधचिन्ह ठरलं: उघडं पुस्तक आणि त्यावर बारा किरणांचा सूर्य. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आग पेटली. एकानं तर लिहिलं, टिटवी काढत असाल तर आमच्या पदव्याही परत घ्या.

मॅडमनी हेमसिंगना बोलावून घेतलं. पहिल्यांदाच खुर्ची पुढे केली.

"भाऊ, स्थापनादिनाला नवीन चिन्ह मैदानात फक्कीनं काढायचं. वरून ड्रोननं चित्रण होईल. ते तुमच्या हातून झालं तर पोरं मानतील."

"आन् मी नाही काढलं तं?"

"तर फ्लेक्स लावू. पण मग भांडण मिटणार नाही. दोन दिवसांत सांगा."

बाहेर पडेपर्यंत पुण्याहून जगदेवचा फोन आला. "भाऊ, ग्रुपवर आयकलं मी, ते चिन्ह तुमच्या हातून काढनार म्हनून. हात लावू नका त्याले. तुमी नाही म्हटलं तं कोनाची हिंमत हाये?"

"नाहीच लावत," हेमसिंग म्हणाले. त्यांनी मॅडमनी दिलेला कागद उलगडला. नव्या चिन्हाच्या चित्राखाली बोधचिन्ह समितीच्या पाच जणांच्या सह्या होत्या. तिसरी सही त्यांनी दोनदा वाचली. निता हेमसिंग राठोड.

निता त्यांची मुलगी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. समितीत आहे हे त्यांना ठाऊक होतं. टिटवीसाठी भांडायलाच गेली असेल, असं त्यांनी धरलं होतं.

घरी ते सगळे गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. निता रागावली की मात्र वऱ्हाडीवर येई. त्या संध्याकाळी ती आधीपासूनच वऱ्हाडीत होती.

"हो बा, मीच केली सही. कोनी हात धरून करवली नाही."

"काहून पन?"

"अमरावतीले वक्तृत्व स्पर्धा होती ना मांगच्या वर्षी, तवा माह्यं नाव पुकारलं आन् मांगून ओरडले. टिट्टिट्टिटिव. दुसऱ्या कॉलेजचे नाही, आपलेच पोरं. भाषनाचा पह्यला शब्द निंगेपर्यंत ओरडत होते."

"अवं, हुरूप देत असतीन."

"जगदेवदादाले हुरूप देत होते. मले नाही." ती थांबली. "पोरगं जिंकलं की टिटवी. आन् पोरगी नुसती उभी राह्यली तरी टिटवी. तिचे पाय टिटवीचे, तिचा आवाज टिटवीचा. कोनत्याबी पोरीले विचारा."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमाले कसं सांगू? आरोळीच तुमची."

भाकरी थापत असलेल्या निताच्या आई, गोमतीबाई, मान वर न करता म्हणाल्या, "छपरावरून टिटवी ओरडत गेली तं अपशकुन म्हनून लोकं देवाचं नाव घेतेत. या मानसानं तिच्या नावानं ढोल वाजोला."

कुणी हसलं नाही. हेमसिंग जेवले. त्यांना पोरीचं म्हणणं पटलं नव्हतं. पण त्यांना ते खोटंही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर न जाता ते कमानीपाशी झाडाखाली उभे राहिले. कारंज्याची एसटी थांबली. सात-आठ मुली उतरल्या. शेवटची मुलगी उंच, सडसडीत, नवीनच असावी. ती कमानीत आली तोच भिंतीवर बसलेल्या पोरांपैकी एकानं अगदी हळू आवाज काढला, "टिटिव." मुलीनं वर पाहिलं नाही. बॅग छातीशी घेतली आणि चाल वाढवली. पुढच्या मुलींनीही चाल वाढवली, न सांगता, जणू हे रोजचंच होतं.

त्या पोराची नजर हेमसिंगांवर गेली. तो घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा फुलला, आणि शाबासकीसाठी थांबावं तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला.

हेमसिंग मागे फिरले. ते सरळ मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "काढतो मी. पन सुतळी धराले निता पाह्यजे."

स्थापनादिनाच्या सकाळी बापलेक मैदानात होते. पुस्तक आखून झालं, तशी हेमसिंगनी त्याच्या वर सूर्यासाठी खुंटी ठोकली, सुतळीनं मोठं वर्तुळ मारलं आणि तीच सुतळी वर्तुळाच्या कडेकडेनं टेकवत नेली. बरोबर सहा वेळा बसली. सहा खुणांच्या मध्ये आणखी सहा, झाले बारा किरण.

"हे कुठं शिकले बा तुमी?"

"शिकतो कुठं? रिंगणं मारता मारता समजलं."

एक किरण तिरका गेला. त्यांनी तो झाडूनं पुसला आणि पुन्हा ओढला. सूर्य काही त्यांना आवडला नव्हता. कोणत्याही गावच्या कोणत्याही शाळेवर असतो तसा तो होता. निता त्यांच्याकडे बघत होती.

"आवडला नाही ना?"

"नाही."

"मलेबी लय नाही," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसले.

नऊ वाजता ड्रोन वर गेला. टाळ्या झाल्या. मग पोरं ओरडायला सरसावली आणि अडखळली. सूर्यासाठी काय ओरडायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सवयीनं सगळ्यांच्या माना हेमसिंगांकडे वळल्या. आरोळी घशापर्यंत आली होती. इतक्या वर्षांची सवय, ती कशी न येणार? त्यांनी ओठ मिटले आणि खाली बसून सुतळी गुंडाळू लागले.

दुपारी जगदेवचा फोन आला. त्यानं चित्रण पाहिलं होतं.

"भाऊ, तुमीबी?"

"मीबी."

"अहो, त्या आरोळीवर मी सामना जिंकलो. माह्या लेकराले झोपोताना सांगतो मी ते."

"सांग ना. खोटं थोडंच हाये ते? मीबी सांगतो." हेमसिंग जरा थांबले. "पन पोरींले त्या आरोळीचा काय तरास होते, हे ना तुले ठाव होतं, ना मले."

मग जगदेवनं विचारलं, "काय तरास?"

निता ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. हेमसिंगनी फोन तिच्यापुढे धरला.

"तुह्या जगदेवदादाचा हाये. सांग त्याले."

तिनं पुस्तक पालथं ठेवलं आणि फोन घेतला.