पाटावरचं पिस्तूल

दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारच्या नानांकडे सोनं द्यायला गेले. पाटावर विळी, कात्री, हातोडी मांडली होती आणि मधोमध नानांचं नवं, परवान्याचं पिस्तूल. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, चापावर झेंडूचं फूल. काकूंनी नुकतंच ओवाळलं होतं.

"गोळ्या काढून ठेवल्यात ना?" मी सहज विचारलं.

"छे, सणाच्या दिवशी रिकामं कसं पुजायचं?" नाना म्हणाले.

शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. त्याच भाबड्या सवयीने नानांनी पिस्तूल भरून ठेवलं होतं. परवाना देताना माणूस सज्जन आहे ना, हे पाहिलं असणार. सज्जन तर नाना आहेतच. त्यांच्या हातून कधी मुंगी मेली नसेल. पण पाटाला कुणाचा धक्का लागला, तर त्या सज्जनपणाचा काय उपयोग? विळीची धार निदान दिसते. हे मात्र फुलाखाली देवासारखं शांत पडलं होतं.

नानांनी आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा."

ते घ्यायला मी पाटाला वळसा घालून, नळीच्या मागच्या बाजूने गेले.