मावंद्याचं पाणी

प्रवासाच्या याद्यांची माझी वही अजून कपाटात आहे. अमेरिकेची यादी सबंध चार पानांची. पासपोर्ट, आईच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, भावासाठी शेंगाचटणी. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. गावाकडे, येळ्ळूरला आले की मी ती वही चाळत बसते, आणि ओसरीवरून आई हटकून विचारते, "परत कुठं निघालीस गं?"

कुठंच नाही. आईचे गुडघे आता देवळापलीकडे जात नाहीत. पण त्या उन्हाळ्यात जात होते.

भाऊ बरीच वर्षं तिकडे आहे. आमचे वडील, आप्पा, गेल्यावर तो दर फोनला म्हणायचा, आईला एकदा घेऊन ये. मी बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात आहे. मे महिन्याची सुटी धरली, वही काढली आणि सांबऱ्याच्या विमानतळावर आईला उभं केलं. अख्खी गल्ली पोचवायला आली होती. काशीला निघाल्यासारखी आईची ओटी भरली, आणि ओटीतल्या नारळाचं काय करायचं हे यादीत नसल्यामुळे माझी जराशी तारांबळ झाली.

भावानं आठ दिवस गाडी चालवून आणि मध्ये विमानं बदलून पुष्कळ दाखवलं. त्या प्रसिद्ध दरीच्या कठड्याशी आई म्हणाली, "खड्डा बघायला एवढ्या लांब आणलंस व्हय रं?" आणि मग अर्धा तास तिथून हललीच नाही. मी दोनदा घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "थांब गं. रंग बदलायला लागलाय." मैलोन् मैल मोकळं रान पाहून तिचा जीव हळहळायचा. "एवढी जमीन, आन् एक बांध न्हाय!"

शेवटी नायगारा. मी बोटीच्या तिकिटांच्या रांगेत होते तेव्हा भाऊ तिला धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीकाठी फिरवून आला. बोटीवर सगळ्यांना निळ्या प्लॅस्टिकचे पायघोळ रेनकोट दिले. धबधब्याजवळ बोट गेली तेव्हा आईनं टोपी मागं सारली, डोळे मिटले आणि हात जोडले. उतरल्यावर सगळे ते रेनकोट डब्यात टाकत होते. आईनं आपला ओलाच घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली.

"अगं, ते टाकून द्यायचं असतंय."

"चांगलं धडधाकट टाकतात व्हय? भातलावणीच्या बायकांना हुईल."

"निदान वाळव तरी."

"घरात जाऊन वाळवीन."

मी यादीत लिहिलं : आई, प्लॅस्टिक, एक. मोठ्या बॅगेत.

परतीच्या विमानतळावर तपासणीच्या आधी मी दोघींच्या हातातल्या पिशव्या उघडल्या. आईच्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली निघाली. पाणी आत नेता येत नाही हे माझ्या यादीत ठळक लिहिलेलं होतं. आई खुर्चीत बसली होती. मी बाटली नेऊन बेसिनमध्ये ओतली आणि रिकामी तिच्या हातात दिली. आईनं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली.

विमानात ती जेवली नाही. गुडघा दुखत असेल म्हणून मी गोळी दिली, ती तिनं घेतली. मुंबईत बॅगांची वाट बघताना मी शेवटी विचारलं, "आई, काय झालंय?"

"काय न्हाय. मावंद्याचं पाणी हुतं ते."

"कसलं पाणी?"

"नदीचं. तुझ्या भावानं भरून दिलतं."

"मग मोठ्या बॅगेत घालायचं की! मला सांगायचं तरी!"

"असलं पाणी चपलांच्यात कोण घालतंय? आन् तू इचारलंस कुठं? यादीत न्हाय म्हणून ओतलंस."

तेव्हा मला आमच्या घरचं मावंदं आठवलं, यात्रेहून आणलेल्या पाण्याची पूजा करून घालतात ते जेवण. मी दहावीला होते. आप्पा भावकीबरोबर काशीला निघाले, आईचंही नाव घातलेलं होतं. माझी परीक्षा म्हणून तिनं ते काढायला लावलं. आप्पा गंगेचं पाणी घेऊन आले, कलशाची पूजा झाली, गल्लीला पुरणपोळीचं जेवण घातलं. पाटावर आप्पांशेजारी बस म्हणून सगळ्या बायका तिला ओढत होत्या. "मी कुठं गेलते?" म्हणत ती चुलीपुढून उठली नाही. दिवसभर पोळ्या लाटत राहिली. मी आत पुस्तक घेऊन बसले होते, त्या पोळ्या खाल्ल्याही होत्या.

पुढं आप्पांचं दुखणं, शेती, नातवंडं. आईची यात्रा झालीच नाही. ही पहिली.

घरी आल्यावर बायकांनी मावंदं कधी म्हणून विचारलं, तशी आमच्या काकूनं दारातच टोमणा मारला. "मावंदं काशीचं असतंय. अमेरिकेचं कसलं?"

आई म्हणाली, "घातलं असतं. पाणी न्हाय, कशाचं घालू?"

मी यादी घेऊन बॅग उपसत बसले. मला तेवढंच येतं. मध्येच ती गाठ मारलेली पिशवी हाताला लागली. आई, प्लॅस्टिक, एक. गाठ सोडली तर रेनकोट आतून ओलाच होता आणि घडीच्या खोबणीत पाणी साचलेलं होतं. मी ती पिशवी तशीच दोन्ही हातांत धरून ओरडले, "आई, तांब्या आण!"

घड्या एकेक करून तांब्यावर झटकल्या. दोन-चार चमचे भरले असतील. काकू वाकून बघत होती. आई तिला म्हणाली, "बोटीत माझ्या अंगावर पडलेलं हाय हे." काकूनं विहिरीचं पाणी आणलं आणि तांब्या काठोकाठ भरला.

पुढच्या सोमवारी मावंदं घातलं. आई नवं लुगडं नेसून पाटावर एकटीच बसली, शेजारी आप्पांचा फोटो. गल्ली जेवली. धबधबा कसा होता म्हणून बायका विचारत होत्या आणि आई हात पसरून दाखवत होती. मला ते चुलीपुढून अर्धंच दिसत होतं. काकू मला बाहेर बसायला बोलवायला आली. मी म्हटलं, "तुम्ही बसा. पोळ्या व्हायच्यात अजून."