जिन्यातली ओळख

पहिलीच्या बाई मुलांशी कधी उभ्याने बोलायच्या नाहीत. पोरगं रडत आलं की या त्याच्यासमोर उकिडव्या बसणार, त्याच्या डोळ्यांत बघणार आणि मगच विचारणार, "काय झालं?" गुडघ्यांची पार वाट लागली, पण खोड गेली नाही.

तीच मुलं आठवीत गेली, वरच्या मजल्यावर बसू लागली की जिन्यात बाईंना ओळखसुद्धा दाखवत नसत. आठवीला मी शिकवते. माझा नुसता तिळपापड व्हायचा. "अहो, यांची नाकं पुसलीत तुम्ही!"

"म्हणूनच तर," बाई म्हणायच्या. "दोस्तांसमोर ते कुणाला आठवायला हवंय? या वयात चारचौघांत लाडाने हाक मारली तरी पोरांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपणच दुसरीकडे बघावं."

आणि त्या भिंतीकडे बघत जिना उतरायच्या. घरी तरी कोण होतं? तिथेही भिंतीच.

परवा जिन्याच्या वळणावर त्या गुडघा धरून मटकन बसल्या. मी वरून उतरत होते. माझ्या वर्गातल्या मुलींचा घोळका त्यांच्या शेजारून खिदळत खाली गेला. एकीनेही पाहिलं नाही. मग त्यातली एक उंच मुलगी एकटीच परत आली. बाईंसमोर उकिडवी बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काय झालं, बाई?"

तेवढ्यात मैत्रिणी तिला शोधत वर येऊ लागल्या. मुलगी दचकून उठली.

तिच्याआधी बाईंनीच भिंतीकडे तोंड फिरवलं.