चष्म्यातल्या बाईची ओटी

“हिमोग्लोबिन ८.२ आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर हिला झेपणार नाही. साताऱ्यालाच न्या.”

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक. गरोदरपणात तो ११ तरी हवा. आमची अश्विनी पहिल्या बाळंतपणाला विट्याहून माहेरी, औंधजवळच्या आमच्या गावी आली होती. तपासणी गावच्या आरोग्य केंद्रातली.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. समोरच्या खोलीत सुनीता सिस्टर डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा चढवून दोन्ही हातांनी हवा दाबत होत्या. “ताई, डोळं उघडा! माझ्याकडं बघा!” समोर कोणीच नव्हतं.

“आवं, ही हवेत कणीक का मळतीया?” बायकोने मला विचारलं.

सिस्टरनी चष्मा काढला. कपाळावर घाम होता. “व्हीआर ट्रेनिंग हाय, काकी. व्हर्च्युअल रिॲलिटी. चष्म्यात खरीखुरी वाटावी अशी बाळंतीण दिसते, रक्त जाताना दिसतं. तिच्यावर सराव करायचा. काल गेली हो माझ्या हातनं. आज वाचली.”

साताऱ्याचा दवाखाना ठरवून ठेवला होता. पण कळा तारखेआधीच लागल्या, त्याही अशा की तेवढा रस्ता निघालाच नसता. केंद्रातच नेलं. बायको आत गेली, मी दाराबाहेर. मुलगी झाली, वजन २.६ किलो. मी पेढ्यांचा विचार करतोय तोच आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “पीपीएच!”

पोस्टपार्टम हॅमरेज, म्हणजे बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव. बहुतेक वेळा गर्भाशय आकसत नाही, सैल राहतं, म्हणून होतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ऐकू आलं, “ताई, डोळं उघडा! माझ्याकडं बघा!”

तेच शब्द. या वेळी समोर माझी लेक होती. काल गेली, आज वाचली, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “इंजेक्शन दिलंय. सिस्टरनी पोटावरून चोळून गर्भाशय घट्ट केलं. रक्त थांबलंय. आता साताऱ्याला नेऊन रक्त चढवू.”

घरी आलो तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होतं. ज्यांच्या घरी लेक-सून गरोदर आहे त्यांना सांगतो, चेहऱ्यावरच्या तेजावर जाऊ नका. आकडा सुरुवातीलाच विचारा.

बारशाला सिस्टर आल्या. बायकोने त्यांची ओटी भरली आणि आणखी एक खण-नारळ पुढे केला.

“ही त्या चष्म्यातल्या बाईची. आमच्या पोरीपायी किती येळा मेली बिचारी!”

सिस्टरनी हसत पदर पुढे केला. “देते की. सोमवारी परत बाळंत व्हायची हाय ती.”